भिंतीचं वाळवण

भिंतीवर एक दिवा लावावा असं माझ्या मनात आलं, तेव्हा मला कुणीही अडवलं नाही. हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, कारण पुढे आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, या विषयावर जी चर्चा झाली, तीत नेमका हाच मुद्दा सगळे विसरले.

भिंत पाहुण्यांच्या खोलीतली. आमची लेक अवनी लग्नानंतर सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला, राहायला गेली, खोली रिकामी झाली, आणि कोविडच्या बंदीत आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे अनघानं, त्या सबंध भिंतीला गेरूचा रंग देऊन वारली चित्र काढायला घेतलं. त्याआधी तिनं दोन दिवसांचा ऑनलाइन वर्ग केला होता. चित्र सुरू कसं करायचं ते त्यात शिकवलं. थांबवायचं कसं ते बहुधा तिसऱ्या दिवशी शिकवणार होते. त्यामुळे आमच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लग्नाचं वऱ्हाड निघालेलं आहे. नवरा, नवरी, बैलगाडी, कोंबड्या, ताडाची झाडं, आणि मधोमध तारपा वाजवणारा. तारपा म्हणजे भोपळ्याचं लांबलचक वाद्य, पुढे कर्ण्यासारखं तोंड असलेलं.

ईस्ट कोस्टची मराठी मंडळी रविवारी समुद्रकाठी सायकली हाणून आमच्याकडे चहाला येतात आणि चित्रासमोर गप्प उभी राहतात. मराठी माणूस गप्प उभा राहणं ही केवढी दाद आहे हे मी सांगायला नको. मी बँकेत होतो म्हणून अनघा या देशात आली. मित्रमंडळी माझी, घर माझ्या नोकरीच्या सोयीचं. या देशात जिच्याशी माझा काही संबंध नाही अशी तिची एकच गोष्ट होती, ती ही भिंत. मी ड्रिल हातात घेईपर्यंत.

संग्रहालयात चित्रांवर वरून उजेड पाडतात ना, तसा दिवा मी आणला. कॉन्डोच्या नियमानुसार ड्रिल करायला परवानगी असलेल्या वेळेतच भोक पाडलं. नियम पाळून केलेल्या कामातून अनर्थ होत नाही अशी माझी नोकरीतली श्रद्धा. स्क्रू फिरवताना हाताला जरा ओलसर लागलं. पण सिंगापूरमध्ये काय ओलसर लागत नाही? इथे चिवड्याचा डबा उघडल्यापासून बशी भरेपर्यंत पोहे नरम पडतात. मी दुर्लक्ष केलं. दिवा लागला, वऱ्हाड उजळलं, अनघा म्हणाली, "छान दिसतंय हो." माझ्या आयुष्यातलं त्या वर्षातलं ते शेवटचं निर्भेळ सुख.

महिन्याभरात वऱ्हाडाचे पाय सुजले.

आधी नवरीचे, मग बैलांचे. गेरूला फुगे आले, खालच्या कडेला काळपट डाग उमटले आणि खोलीला भिजलेल्या गोणपाटाचा वास यायला लागला. प्लंबर आला. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे, आणि त्याचा पाण्याचा पाइप बरोबर माझ्या दिव्यामागून वर जातो. माझा स्क्रू त्या पाइपात घुसला होता, आणि इतका चपखल बसला होता की पाणी धो धो न येता सभ्यपणे थेंबाथेंबानं झिरपत राहिलं. प्लंबरनं त्याचा फोटो काढला. पाइप न्हाणीघराच्या बाजूनं दुरुस्त झाला, पण भिंत पोकळ. पत्र्याच्या सांगाड्यावर दोन्हीकडून बोर्ड ठोकलेले, मध्ये वीतभर रिकामी जागा, आणि तिथे महिन्याभराचं पाणी मुक्कामाला.

"खालचा निम्मा बोर्ड कापून काढा," प्लंबर म्हणाला.

"खालचा निम्मा म्हणजे वऱ्हाड कमरेपर्यंत?" अनघानं विचारलं. तो हो म्हणाला. त्यानंतर ती दिवसभर मला काही बोलली नाही. जेवायला मात्र नीट वाढलं, पापडसुद्धा भाजला. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला यातलं गांभीर्य कळेल.

मग अवनीनं फोनवर शोधून एक कंपनी काढली. भिंत न फोडता आतून वाळवून देणारी. तिथून डेस्मंड नावाचा गृहस्थ आला. वय तिशीचं, कंपनीचं नाव असलेला शर्ट, आणि बोलण्यात असा आत्मविश्वास की तो भिंत वाळवायला आलाय की विकायला, कळेना. त्यानं भिंतीला ओल मोजायचा एक मीटर टेकवला. आकडा आला अठ्ठावीस.

"अंकल, इन्साइड ऑल सूप," तो म्हणाला. "बट कॅन, होऊन जाईल. पंधराच्या खाली आणू, मग भोकं बुजवू, फिनिश."

"आणि नाही आला तर?" अनघा म्हणाली.

"नेक्स्ट फ्रायडे मशीन दुसरीकडे जाणार, आँटी. फ्रायडेला पंधराच्या वर असेल तर आत बुरशी धरते. मग नो चॉइस. कट."

पद्धत सोपी होती. भिंतीच्या तळाशी ओळीनं बोटाएवढी भोकं पाडायची, प्रत्येकात एक नळी खुपसायची, साऱ्या नळ्या एका यंत्राला जोडायच्या, आणि यंत्रानं रात्रंदिवस आत कोरडी हवा मारायची. ती हवा ओल घेऊन वरच्या एका भोकातून बाहेर येणार, खोलीत ठेवलेलं दुसरं यंत्र त्या हवेतलं पाणी शोषून बादलीत सोडणार. दार-खिडक्या बंद. खालची भोकं वऱ्हाड्यांच्या पावलांमधून पडली, ते अनघानं ओठ घट्ट मिटून पाहिलं. वरचं भोक कुठे पाडू, असं डेस्मंडनं विचारल्यावर ती बराच वेळ चित्र न्याहाळत राहिली. मग तारप्याच्या तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "पाडायचंच असेल तर जिथे मुळात भोक असतं तिथे पाड."

यंत्र सुरू झालं आणि तारपा वाजू लागला.

अतिशयोक्ती समजू नका. वीतभर पोकळीत दाबून भरलेली हवा बोटाएवढ्या भोकातून बाहेर पडायला लागली की ती सूर लावते. एकच सूर, खर्जातला, अखंड. डेस्मंडनं यंत्राचा जोर कमीजास्त करून पाहिला, तसा सूर थोडा चढला आणि उतरला इतकंच.

दुसऱ्याच दिवशी कॉन्डोच्या ऑफिसातून बोलावणं आलं. तिथल्या मॅनेजर मिस प्रिसिला अत्यंत नम्र बाई आहेत. नम्रतेला त्यांच्याइतकी धार मी बँकेच्या हेड ऑफिसातसुद्धा पाहिली नाही. अकराव्या मजल्यावरून एक आवाज येतो अशी तक्रार होती.

"हे नूतनीकरणाचं काम आहे का?" त्यांनी विचारलं. "असेल तर पाचला बंद करावं लागेल."

"नाही नाही. घरगुती उपकरण आहे. पंख्यासारखं."

"घरगुती उपकरणाचा आवाज घराबाहेर येता कामा नये."

"तसा आवाज यंत्राचा नाही. भिंतीचा आहे."

त्यांनी नियमावली चाळली. भिंतीच्या आवाजाबद्दल त्यात काही नव्हतं. "आवाज कसला आहे, सर?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं की चित्रातला एक माणूस वाद्य वाजवतो, त्या वाद्यातून येतो. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "म्हणजे वाद्य. वाद्याला रात्री दहापर्यंत परवानगी आहे." अशा रीतीनं आमची भिंत संगीत या सदरात गेली. दहानंतर काय, याचा तोडगा अनघानं काढला. तारप्याच्या तोंडात तिनं चहाची प्लास्टिकची गाळणी बसवली. हवा जात राहिली, सूर गेला. सकाळी गाळणी काढून तिनं त्यातच चहा गाळला, हे मला नंतर कळलं.

आता भिंत आजारी आहे ही बातमी पसरली. मराठी माणसाला आजारी म्हटलं की भेटायला जावंच लागतं. बुकित तिमाहहून एक कुटुंब शहाळी घेऊन आलं. मंडळी नळ्या लावलेल्या भिंतीसमोर खुर्च्या टाकून बसत, हलक्या आवाजात "आज आकडा काय?" विचारत, आणि निघताना अनघाला "काळजी घे" म्हणत. माझ्याकडे बघून नुसतीच मान हलवत. समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त शिक्षिका मिसेस को यांनी कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे पिशवीभर आणून दिले आणि ते भिंतीच्या पायाशी ओळीनं मांडून गेल्या. आमच्या वरच्या मजल्यावर निशिकांत चौबळ राहतो. मूळचा पुण्याचा, आयटीत मोठा मॅनेजर. तो म्हणाला, "काका, फोन भिजला तर आपण तांदळात ठेवतो ना?"

"मग?"

"तत्त्व तेच. भिंतीत तांदूळ सोडायचे."

"आणि भिजून फुगले की?"

"तो पुढचा टप्पा," असं म्हणून तो चहा पिऊन गेला.

आकडा मात्र उतरत होता. अठ्ठावीसचे तेवीस झाले, तेविसाचे वीस. अनघा माझ्याशी पूर्ण वाक्यांत बोलायला लागली. आणि याच सुमारास, एका सकाळी बादली ओतायला त्या खोलीत गेलो असताना, मला जाणवलं की माझे ओठ फुटलेत. सिंगापुरात, ओठ. हवा अशी खडखडीत आणि ऊबदार की मे महिन्यात गच्चीवर उभं असल्यासारखं वाटलं.

अनघाचं एक जुनं दुःख आहे. या देशात वाळवण होत नाही. बाल्कनीत काही घालावं तर ऊन पाऊण तास आणि पाऊस तयार. कुरडया घातल्या त्या वर्षी त्यांना वाळण्याआधी मिशा फुटल्या होत्या. तेव्हा ते ओठ चाटत मी बाहेर आलो आणि म्हणालो, "अगं, त्या खोलीत काहीही वाळेल."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं दिवा लावला तेव्हा पाहिलं होतं. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

गहू भिजत पडले. त्यांना तीन दिवस लागतात, तोवर साबुदाण्याच्या पापड्या झाल्या. वरून निशिकांतची बायको राधिका ताक-मिठात भिजवलेल्या मिरच्या घेऊन आली. बुकित तिमाहवाल्यांनी कोहळ्याचे सांडगे आणले. मग गव्हाचा चीक शिजला, सोऱ्या फिरला, आणि खोलीत पलंगावर, जमिनीवर, कपाटावर, इस्त्रीच्या टेबलावर प्लास्टिकच्या कागदांवर कुरडयांची शुभ्र चक्रं पसरली. तारप्याचा सूर लागलेला, समोर वऱ्हाड, आणि बायका वाकून कुरडया उलटतायत. अवनीनं व्हिडिओ कॉलवर ते दृश्य पाहिलं आणि अस्सल सिंगापुरी वळणानं म्हणाली, "बाबा, धिस इज नॉट नॉर्मल, लाह." मी तिला संस्कृतीबद्दल दोन शब्द सांगितले. डेस्मंड आकडा बघायला यायच्या आधी आम्ही सगळं उचलून आमच्या झोपायच्या खोलीत नेत असू. त्याच्यापासून लपवायचं असं काही नव्हतं. फक्त त्याला समजावून कोण सांगणार.

आणि आकडा चढायला लागला.

विसाचे एकवीस, मग तेवीस. बादली सकाळ-संध्याकाळ भरत होती ती आता दुपारीही भरू लागली. डेस्मंडनं मीटर आपल्या तळहातावर झटकला, पुन्हा टेकवला. "अंकल, दुसरीकडे लीक आहे." त्यानं आमच्या घराचा पाण्याचा मुख्य नळ बंद करून ठेवला. आम्ही दिवसभर मिसेस कोंच्या घरून बादल्या आणल्या. तरी यंत्राची बादली भरत राहिली.

आमच्या घरात पाणी बंद आणि भिंतीत पाणी चालू. म्हणजे पाणी वरून येतंय. वर कोण राहतं? हा निष्कर्ष काढायला मला वेळ लागला नाही. मी वर जाऊन बेल वाजवली.

"निशिकांत, तुमच्या न्हाणीघरातून पाणी झिरपतंय."

"काका, आमची फरशी गेल्या वर्षी नवीन घातली."

"म्हणूनच. नवीन काम. तुम्ही एक दिवस आंघोळ करू नका, कळेलच."

"एक दिवस?"

"खाली स्विमिंग पूलच्या शॉवरखाली करा. मोफत आहे."

निशिकांत सज्जन. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला जाण्यापूर्वी टॉवेल गुंडाळून, हातात साबण घेऊन लिफ्टनं खाली उतरला. लिफ्टमध्ये मिस प्रिसिला होत्या. पूलच्या शॉवरखाली साबण लावायला मनाई आहे हे त्याला तिथे, त्या अवस्थेत, नम्रपणे सांगण्यात आलं. संध्याकाळी बादली नेहमीइतकीच भरली. निशिकांतनं त्यानंतर मला काका म्हणणं सोडून दिलं. साहेब म्हणू लागला.

गुरुवारी आकडा चोवीस. संध्याकाळी डेस्मंड कटरची पेटी आणून दाराशी ठेवून गेला. "टुमारो मॉर्निंग, आँटी. सॉरी, हं." अनघा खोलीत जाऊन पलंगावरच्या कुरडया उलटायला लागली. मी दारात उभा होतो. तिनं एक कुरडई उचलली. वरून टणक, खालून मऊ. तिनं प्लास्टिकवर बोट फिरवलं, ते ओलं झालं. मग ती भरलेल्या बादलीकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली. "चीक शिजवताना आधण किती ठेवलं होतं मी?"

"मला काय ठाऊक?"

"मोठं पातेलं. दोनदा. राधिकाच्या मिरच्या ताकातून निथळून आणलेल्या. कोहळ्याचं तर सगळं पाणीच." तिनं बादलीकडे बोट केलं. "हे भिंतीचं पाणी नाहीये. माझ्या पातेल्यातलं आहे."

मला बसावं लागलं. बसायला जागा नव्हती, सगळीकडे कुरडया. यंत्रानं बिचाऱ्यानं आठवडाभर भिंतीचं सोडून आमचं वाळवण वाळवलं होतं, आणि वर त्या खोलीतली दमट हवा परत भिंतीत मारली होती.

"चित्र माझं," अनघा हळूच म्हणाली, "आणि भिजवलं मीच."

"कल्पना माझी होती," मी म्हणालो. बायकोला धीर द्यायला मी काहीतरी बोललो आणि ते खरंही होतं, असे प्रसंग आमच्या संसारात थोडे.

सगळा पसारा तातडीनं हलवायला हवा होता. आमच्या घरात एवढी जागा कोरडी नाही. निशिकांतकडे चोवीस तास एसी चालतो. मी पुन्हा वर गेलो आणि बेल वाजवली. त्यानं दार उघडलं.

"बोला, साहेब."

मी सगळं सांगितलं. आंघोळीच्या भागाशी आल्यावर आवाज जरा लहान केला. तो दार अर्धवट धरून उभा होता. आतून राधिका म्हणाली, "अरे, त्यात आपल्याही मिरच्या आहेत." मग त्यानं दार पूर्ण उघडलं. प्लास्टिकचे कागद चौघांनी चार टोकांना धरून लिफ्टमधून वर नेले. एका फेरीला लिफ्टचं दार उघडलं तर मिस प्रिसिला. त्यांनी कुरडयांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मला एकदा "संगीत?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या लिफ्टसाठी थांबल्या.

शुक्रवारी सकाळी डेस्मंड आला. खोली लख्ख. मीटर टेकवला. एकवीस. एका रात्रीत तीन उतरले होते, पण पंधरा कुठे आणि एकवीस कुठे.

"आणखी दोन दिवस ठेव ना," मी म्हणालो.

"अंकल, लीक आहे. लीक असताना कितीही ठेवलं तरी यूजलेस."

"लीक नाहीये."

"मग पाणी कुठून आलं?"

मी बँकेतून निवृत्त झालेला, दोन मुदती कॉन्डोच्या कमिटीवर बसलेला माणूस. आठवडाभर मी याला गळतीवर व्याख्यानं दिली होती. वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं होतं. केशाकर्षण हा शब्द मराठीत सांगून मग इंग्रजीत समजावला होता. डेस्मंडनं पेन्सिल घेतली, पट्टी लावली आणि भिंतीवर आडवी रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ बैलांच्या गुडघ्यांवरून निघाली, वऱ्हाडणींच्या कमरेवरून पुढे सरकली आणि नवरीशी आली. अनघानं मान फिरवली.

"डेस्मंड," मी म्हणालो. "नूडल्स."

तो थांबला.

"आम्ही या खोलीत नूडल्स वाळवल्या. गव्हाच्या. खूप. आणि मिरच्या. आणि कोहळा."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "इन धिस रूम? विथ माय मशीन?"

अनघा स्वयंपाकघरात गेली आणि तेल तापल्याचा आवाज आला. आधीच वाळून डब्यात गेलेली एक कुरडई बशीत फुलून आली, हाताच्या पंजाएवढी. डेस्मंडनं ती सगळ्या बाजूंनी पाहिली, मोडली, खाल्ली. मग त्यानं साहेबाला फोन लावला. स्पीकर चालू होता, त्यामुळे माझी अब्रू सरळ, मध्यस्थाशिवाय गेली.

"बॉस, नॉट लीक. नूडल्स." साहेबानं कोण म्हणून विचारलं. "येस बॉस. द कस्टमर. ड्रायिंग नूडल्स." पलीकडे बरीच माणसं एकदम हसल्याचा आवाज. "बॉस म्हणतो मंडेपर्यंत ठेव," डेस्मंडनं सांगितलं. "आणि बॉसला पण पाहिजे. वन पॅकेट."

सोमवारी आकडा चौदा आला. भोकं बुजवली, यंत्र गेलं, तारपा गप्प झाला. कंपनीच्या अहवालात विलंबाचं कारण म्हणून काय लिहिलंय ते कॉन्डोच्या फाइलमध्ये आहे. मी ते वाचायला गेलो नाही. मिस प्रिसिलांनी नोटीस बोर्डवर एक नवीन नियम लावला, त्यात माझं नाव नाही, पण खाद्यपदार्थ या शब्दाखाली रेघ आहे. निशिकांत कुरडया परत द्यायला आला तेव्हा निम्म्याच होत्या. एसीत आकसल्या म्हणाला. पण काका म्हणाला.

फुगलेल्या पायांच्या जागी अनघाला चित्र पुन्हा काढावं लागलं. महिनाभर ती दार लावून बसायची. पूर्ण झाल्यावर पहिला पाहुणा डेस्मंडच आला, आईला घेऊन. वऱ्हाडाच्या पायाशी आता बायका बसून कुरडया घालतायत, पांढऱ्या चक्रांची रांग आहे. एक त्रिकोणी माणूस हातात मीटर धरून उभा आहे, तो डेस्मंडनं लगेच ओळखला आणि आईला दाखवला. टॉवेल गुंडाळलेला एकजण पाण्याखाली उभा आहे.

"आणि अंकल?" त्यानं विचारलं.

अनघानं पार कडेला, शेवटच्या ताडाच्या झाडापलीकडे बोट दाखवलं. तिथे एक छोटा माणूस होता. त्याच्या त्रिकोणाला पुढून एक गोल जोडलेला होता, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

"इतके लांब का?"

"ते तिथेच बरे आहेत," अनघा म्हणाली. "भिंतीपासून लांब."

मी जवळ जाऊन नीट पाहिलं. वऱ्हाडात प्रत्येकाच्या हातात काही ना काही आहे. कुणाच्या काठी, कुणाच्या टोपली, तारपेवाल्याच्या तारपा. माझे मात्र दोन्ही हात मोकळे. तिला विचारलं, राहून गेलं का काही काढायचं? ती म्हणाली, नाही, मुद्दाम.